टू-पे की पेड?

गोंदियाच्या कुठल्याही ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्टी फाडण्याआधी कारकून एक प्रश्न विचारतोच, ‘टू-पे की पेड?’ भाडं माल सोडवून घेणारा तिकडे भरणार, की माल पाठवणारा इथेच भरणार, एवढंच त्याला हवं असतं. उत्तर मिळालं की बिल्टीवर तशी नोंद होते. मग ट्रक रायपूरला जावो की कोल्हापूरला, भाड्यावरून कुणी कुणाला रात्री फोन करत नाही. तांदळाच्या गिरण्यांवर वाढलेल्या या गावात भाव बोलण्याची रीतही तीच. दलाल भाव सांगतो तो भाडं सोडून, ‘एक्स-मिल’ सांगतो, नाहीतर भाड्यासकट, ‘पोच’ सांगतो. नुसताच आकडा टाकला, तर समोरचा व्यापारी आधी विचारतो, ‘भाडं कुणाकडे?’

यात नवल नाही. हावडा-नागपूर-मुंबई मार्गावरचं हे जंक्शन. सातपुड्याच्या नॅरोगेजवरून बालाघाट-जबलपूरकडचा माल इथे यायचा आणि गोंदियात उतरवून ब्रॉडगेजच्या वाघिणीत चढवावा लागायचा. माल एकदा उतरला की हमाली आली, पुन्हा चढला की पुन्हा हमाली आली. ती कुणाच्या खात्यावर पडणार हे आधी ठरलं नाही, तर व्यवहार तिथेच मोडायचा. भाडं हा सौद्याचाच भाग, हे इथल्या पेढीवरच्या पोराला कुणी वेगळं शिकवावं लागत नव्हतं.

त्याच गोंदियात आणि आजूबाजूच्या आठही तालुक्यांत आता मोबाईलवर सौदे होतात. तिरोड्याहून साडी जाते, देवरीकडून मध जातो, आमगावहून मोहाचे लाडू जातात, कुणाच्या घरचा चिन्नोर तांदूळ पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याच्या मित्रांकडे जातो. आणि नेमका तो जुना प्रश्न इथे सौदा झाल्यानंतर निघतो. ‘ताई, डिलिव्हरी फ्री आहे ना?’ ताई संकोचाने ‘हो’ म्हणतात, किंवा ‘बघते’ म्हणतात. दोन्ही उत्तरं महागात पडतात.

रक्कम असते साठ-सत्तर रुपयांची, फार तर दीडशेची. ‘एवढ्यासाठी काय भांडायचं’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण विकणाऱ्याचा नफाच तेवढा असतो हे ते विसरतात.

*

टपालाचे पैसे कुणी द्यायचे हा वाद टपालाइतकाच जुना आहे. इंग्लंडात १८४० पर्यंत पत्राचे पैसे बहुधा घेणाराच भरायचा. रोलंड हिल यांच्या सुधारणेनंतर पाठवणाऱ्याने आधी तिकीट लावायचं आणि अंतर कितीही असो, दर एकच, ही रीत पडली. आपल्याकडे १ ऑक्टोबर १८५४ पासून साऱ्या देशासाठी एकच तिकीट आलं. हलक्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की हिमालयाच्या पायथ्याशी. त्याआधी दर अंतरावर ठरायचा. तिकिटाशिवाय पत्र टाकलं, तर घेणाऱ्याकडून दुप्पट वसूल व्हायचं. तरीही कितीतरी लोक मुद्दाम बिनतिकिटाचं, बेरंग पत्र टाकायचे. ज्याच्याकडून पैसे यायचे आहेत ते पत्र पोस्ट हरवणार नाही, असा त्यांचा हिशेब. चुकीचा नव्हता तो.

१८७७ मध्ये पोस्टाने व्हीपीपी सुरू केली आणि दूरवरच्या दुकानदाराचा व अनोळखी गिऱ्हाईकाचा संबंध जोडला गेला. माल दारात येणार, पोस्टमनच्या हातात पैसे ठेवायचे, ते मनीऑर्डरने दुकानदाराकडे जाणार. मनीऑर्डरचं कमिशनही गिऱ्हाईकाच्या माथी. पुस्तकं, पंचांगं, घड्याळं, केस वाढवण्याची तेलं, अशक्तपणावरची औषधं. मराठी मासिकांच्या मागच्या पानांवरच्या जाहिराती या व्हीपीपीवर जगल्या. ‘व्हीपी सोडवणे’ हा शब्दप्रयोग आपल्या घरांत रुळला तो तेव्हापासून. पण व्हीपी सोडवली नाही तर? पोस्टमन ‘नाकारले’ असा शेरा मारायचा, पार्सल परत जायचं आणि जाण्याचा खर्च दुकानदाराच्या अंगावर पडायचा. उलटीही लबाडी चालायची. मागणी नसताना व्हीपी पाठवायची, घरचा कर्ता बाहेरगावी असताना बायकोने किंवा म्हाताऱ्या आईने ती भीडेपोटी सोडवून घ्यायची. म्हणूनच १८९८ च्या टपाल कायद्यात व्हीपी पाठवणाऱ्याकडून ‘खऱ्या मागणीवरूनच पाठवतो आहे’ असं जाहीर करून घेण्याची सोय होती. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कायदे करणाऱ्यांना गिऱ्हाईक आणि दुकानदार, दोघांचीही नस माहीत होती.

२०१० मध्ये फ्लिपकार्टने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली तेव्हा ती नवी युक्ती म्हणून गाजली. खरं तर ती व्हीपीपीचीच नात. फरक एवढाच की व्हीपी मागवणारा माणूस पोस्टकार्ड लिहायचा, त्यावर पत्ता घालायचा, ते पेटीत टाकायचा. मागणी करायला त्याला थोडे कष्ट पडायचे. आता अंगठा टेकला की मागणी. जे कष्टाविना मागवलं ते कष्टाविना नाकारलंही जातं.

*

एका पार्सलचा हिशेब जवळून पाहू. आमगावची एखादी गृहिणी मोहाच्या लाडवांचा अर्ध्या किलोचा डबा पुण्याला पाठवते आहे असं धरा. डबा, खोका, फुग्यांचं प्लास्टिक, टेप, सगळं मिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरलं ७०० ग्रॅम. कुरिअर ठरवून देणाऱ्या ॲपवर तिने तेवढंच लिहिलं. भाडं ५०० ग्रॅमच्या टप्प्याने लागतं, म्हणून एक किलोचे पैसे कापले गेले. इथपर्यंत ठीक.

खोका मात्र किराणा दुकानातून मागून आणलेला, २५ सेंटिमीटर लांब, २० रुंद, १५ उंच. कुरिअरवाला वजन बघतो तशी गाडीतली जागाही बघतो. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करायचा आणि त्याला ५,००० ने भागायचं. काही कंपन्या त्याहून लहान आकड्याने भागतात. इथे गुणाकार ७,५००, म्हणजे वजन दीड किलो. प्रत्यक्ष वजन आणि हे आकारमानाचं वजन, यांत जे जास्त भरेल त्याचं भाडं लागतं. लाडू हलू नयेत म्हणून तिने वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, त्यामुळे खोका चारी बाजूंनी फुगलेला. पुढच्या मोठ्या केंद्रात पट्ट्यावरून सरकताना यंत्राने माप घेतलं ते २७, २२ आणि १६. गुणाकार ९,५०४, वजन १.९ किलो, टप्पा दोन किलोचा. आठवड्याने फरकाची रक्कम तिच्या वॉलेटमधून परस्पर कापली गेली. ७०० ग्रॅमच्या पार्सलला दोन किलोचं भाडं कसं लागलं, हे तिला कळत नाही आणि सांगायला समोर माणूस नाही.

तेच लाडू २० बाय १५ बाय १० च्या खोक्यात बसले असते तर आकारमानाचं वजन ६०० ग्रॅम आलं असतं, प्रत्यक्ष ७०० ग्रॅमच जास्त ठरलं असतं आणि एक किलोच्या भाड्यात काम झालं असतं. एका खोक्यापायी दुप्पट टप्पा. लाडवांच्या भावात कुणी पाच रुपये वाढवले तर गिऱ्हाईक कुरकुरतं, पण खोका निवडताना पन्नास रुपये जातात ते दिसतच नाहीत.

या भांडणात पुरावा म्हणजे फोटो, आणि तोही पॅकिंग पुरं झाल्यावरचा. पार्सल काट्यावर, आकडा वाचता येतो आहे, वर चिकटवलेल्या लेबलचा नंबर दिसतो आहे. मग तिन्ही बाजूंना शिंप्याची टेप धरून तीन फोटो. वजनाच्या फरकावर हरकत घ्यायला बहुतेक ॲपवर मोजके दिवस मिळतात, नंतर दार बंद. कंपनीकडे यंत्राचा फोटो असतो, तुमच्याकडे काही नसेल तर यंत्र खरं. यात अन्याय आहे, पण तो रडून सुटत नाही. टेप लावून सुटतो, निदान पुष्कळदा.

दुसरं दुखणं परत येणाऱ्या पार्सलचं. या धंद्यात त्याला आरटीओ, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’, म्हणतात. लायसन्स देणारं ऑफिस वेगळं. गिऱ्हाईकाने फोन उचलला नाही, पत्ता अर्धवट होता, ‘आता नको’ म्हणाला, की पार्सल उलट्या पावली निघतं. जाण्याचं भाडं गेलंच, येण्याचंही लागतं, आणि लाडू पंधरा दिवस गोदामं हिंडून येतात ते खाण्याच्या लायकीचे राहत नाहीत. अशा वेळी विकणारी बाई गिऱ्हाईकाला शिव्या देते. काही वेळा गिऱ्हाईक दिवसभर घरीच बसलेलं असतं आणि डिलिव्हरी करणाऱ्या पोराने लांबच्या खेड्यात जाण्याचा कंटाळा करून ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असं बटण दाबलेलं असतं. म्हणून असा कुठलाही शेरा आला की आधी गिऱ्हाईकाला विचारावं, मग भांडावं. त्याने ‘कुणी आलंच नाही’ असं लिहून पाठवलं, तर तो मेसेज कुरिअरवाल्याकडे परतीचं भाडं मागायला कामी येतो.

खाण्याचा माल मी तरी रोखीवर पाठवू नका असंच सांगेन. आधी पैसे घ्या. चार गिऱ्हाइकं कमी होतील, होऊ द्या.

*

गोंदियाच्या विक्रेत्याला नकाशाही आडवा येतो. पिन कोड बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे पंडित आणि केंद्रात दळणवळण खात्यातले अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झालेल्या त्यांच्या योजनेत पहिला आकडा ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आजचं छत्तीसगड या सगळ्यांना मिळून आहे. टपालाच्या नजरेत गोंदिया, बालाघाट आणि रायपूर एकाच घरातले. जीएसटीच्या नजरेत तसं नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना नोंदणीशिवाय ई-कॉमर्स कंपन्यांच्या मंचावर माल विकायची मुभा मिळाली, पण फक्त आपल्या राज्यात. म्हणजे नोंदणी नसलेली गोंदियाची बाई तिथून जवळजवळ हजार किलोमीटरवरच्या मुंबईला माल पाठवू शकते, आणि तास-सव्वा तासावरच्या बालाघाटच्या मावसबहिणीला त्याच मंचावरून विकू शकत नाही. जवळचं गिऱ्हाईक हातचं जातं, लांबचं मिळतं, आणि भाडं लांबचं पडतं. ज्या जिल्ह्याचं निम्मं सोयरपण मध्य प्रदेश आणि छत्तीसगडात आहे, तिथे हा नियम कागदावर दिसतो त्याहून जास्त टोचतो.

पोस्टाचा आधार या भागात अजून मोठा आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्टीतल्या कितीतरी गावांत खाजगी कुरिअर पोचत नाही, ग्रामीण डाकसेवक पोचतो. १ ऑगस्ट १९८६ ला सुरू झालेल्या स्पीड पोस्टमध्ये २०२५ साली रजिस्टर पोस्ट मिसळून टाकलं गेलं आणि १ ऑक्टोबरपासून नवे दर आले. ५० ग्रॅमपर्यंतचा लिफाफा गावातल्या गावात १९ रुपये, बाकी देशात कुठेही ४७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. अर्ध्या आण्याच्या काळातली ‘अंतर कितीही, दर एकच’ ही कल्पना इथे अजून अर्धीमुर्धी जिवंत आहे. जड लिफाफ्यांना मात्र अंतराप्रमाणे टप्पे आहेत. पाच रुपये आणि जीएसटी जादा भरले की ओटीपी सांगितल्याशिवाय वस्तू हाती न देण्याची सोय मिळते. महागड्या वस्तूला हे पाच रुपये घालावेत, कारण ‘मला मिळालंच नाही’ हे वाक्य तिथेच संपतं.

हरवलं तर काय मिळतं? स्पीड पोस्ट हरवलं तर भरलेल्या भाड्याच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यांत जे कमी असेल ते, असा नियम वर्षानुवर्षं चालत आला आहे. त्याहून जास्त मागायला जावं तर कायदा आडवा येतो. १८९८ चा कायदा जाऊन २०२३ चा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला, पण पोस्टाच्या जबाबदारीला घातलेलं कुंपण त्यातही ठेवलेलं आहे. खाजगी कुरिअरकडे जास्त मिळेल अशी समजूत असते. पावतीच्या मागे बारीक अक्षरात काय छापलंय ते वाचा. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगून टाकलं की सही केलेल्या पावतीवर नुकसानभरपाईची मर्यादा लिहिलेली असेल तर ती पाठवणाऱ्यावर बंधनकारक. त्या पावतीवर मर्यादा होती १०० डॉलरची, आणि निर्यातदाराचा तोटा त्याहून कितीतरी मोठा होता. किमती वस्तूचा विमा उतरवण्याचे पैसे म्हणूनच भाड्यातच मोजावेत आणि तेही गिऱ्हाईकाला आधी सांगावेत.

*

आता घेणाऱ्याच्या बाजूने. ॲपवर साडी ४९९ ची दिसते. पैसे भरायच्या पानावर डिलिव्हरीचे ६०, हाताळणीचे १५, रोखीने देणार तर आणखी काही, असं करत ती सहाशेला टेकते. यावर नियम स्वच्छ आहेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० म्हणतात की विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात सांगायची आणि तिची फोड दाखवायची. त्या फोडीत डिलिव्हरी, टपाल, हाताळणी आणि वाहतूक या खर्चांची नावंच घातलेली आहेत. माल परत पाठवण्याचा खर्च कुणाचा, हेही आधीच स्पष्ट लिहायचं आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने ग्राहकाला फसवणाऱ्या १३ छुप्या युक्त्यांची यादी जाहीर केली, त्यात थेंबाथेंबाने किंमत वाढवत नेणं ही एक आहे. रोखीने पैसे देणाऱ्याकडून जादा आकार घेण्याबद्दल तक्रारी आल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी चौकशी जाहीर केली, तीही याच सदरात. बिग बझारने पिशवीचे पैसे बिलाच्या खिडकीशी मागितले, त्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये दिलेला निकालही याच वळणाचा: गिऱ्हाईक सगळी खरेदी करून रांगेत उभं राहिल्यावर नवा आकार सांगणं ही अनुचित प्रथा.

माल खराब निघाला, जाहिरातीत दाखवला तसा नसला किंवा सांगितलेल्या वेळेनंतर आला, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही. प्रश्न येतो तो परतीच्या वाटेचा. गोंदिया शहरात पोरगा येऊन पार्सल घेऊन जातो. सालेकशाच्या पुढच्या गावात ‘या पिन कोडवर परत नेण्याची सोय नाही, तुम्हीच पाठवा’ असं उत्तर येतं. गिऱ्हाईक अर्धा दिवस मोडून पोस्टात जातं, पदरचे पैसे भरतं, आणि ते पैसे परत मागितले की पावती मागतात. पावती नसते. पोस्टाच्या त्या चिटोऱ्याचा फोटो काउंटरवरून हलण्याआधी काढावा, नंबर आणि वजन वाचता येईल असा. ती शाई पाऊसपाण्यात लवकर उडते.

याबाबत एक जुनं कलम फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या ४३ व्या कलमानुसार, माल नाकारण्याचा हक्क असलेल्या गिऱ्हाईकाने तो स्वीकारला नाही, तर वेगळा करार नसेल तेव्हा तो परत पाठवण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. ‘मी नाकारतो आहे’ एवढं कळवलं की पुरे. पुढचं कलम तितकंच सरळ आहे: कारण नसताना माल घ्यायला टाळाटाळ केली, तर विकणाऱ्याचं नुकसान आणि माल सांभाळण्याचा वाजवी खर्च गिऱ्हाईकावर. ‘वेगळा करार नसेल तेव्हा’ या शब्दांत सगळी मेख आहे. ॲपच्या अटी मान्य करताना आपण डोळे मिटून तो वेगळा करार करून बसतो.

रंग आवडला नाही, नवऱ्याने नाक मुरडलं, शेजारणीकडे तशीच निघाली, हा काही माल नाकारण्याचा हक्क नव्हे. अशा परतीचं भाडं गिऱ्हाईकाने द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या कंपन्या ते घेत नाहीत, कारण त्यांनी ते सगळ्यांच्या किमतीत आधीच वाटून टाकलेलं असतं. न परतवणारं गिऱ्हाईक परतवणाऱ्याचं भाडं भरत असतं. घरून धंदा करणारी बाई हे वाटप करू शकत नाही. तिच्याकडे महिन्याला तीस पार्सलं असतात, त्यांतली पाच परत आली तर सारा महिना गेला.

आणि कायद्याने तिला वाऱ्यावर सोडलंय. जुन्या ग्राहक कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनंतर, स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याने घेतलेली सेवासुद्धा ‘व्यापारी हेतू’तून वगळली होती. म्हणजे कुरिअरविरुद्ध असा छोटा विक्रेता ग्राहक म्हणून उभा राहू शकत होता. २०१९ च्या कायद्याच्या त्या स्पष्टीकरणात फक्त वस्तूंचा उल्लेख उरला, सेवा गळाल्या. ॲपशी केलेल्या करारात दूरच्या महानगरातल्या न्यायालयाचं कलम असलं, तर दीडशे रुपयांसाठी आमगावहून तिथे कोण जाणार? ग्राहकाच्या हक्कांवर आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात. छोट्या विक्रेत्याच्या हक्कांवर एखादं तरी व्हायला हवं.

ओळखीपाळखीत, समूहावर जुनी पुस्तकं, मोबाईल, सायकल विकणाऱ्यांसाठी तर ई-कॉमर्सचे नियमही नाहीत. कुणी वैयक्तिक पातळीवर, नियमित धंदा म्हणून नव्हे, असं एखादं काही विकलं तर ते नियम लागूच होत नाहीत, असं त्यात लिहिलेलं आहे. तिथे लिखित मेसेज हाच करार.

*

हा दिवाळी अंक तुमच्या हातात टपालाने आला असेल, तर त्याच्याही पाठीशी हेच भांडण आहे. ‘टपालखर्च वेगळा’ की ‘घरपोच सवलतीत’, यावर मराठी प्रकाशक आणि वाचक पिढ्यान्‌पिढ्या पत्रव्यवहार करत आले. डिसेंबर २०२४ मध्ये रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद झालं तेव्हा छोट्या प्रकाशकांनी कपाळाला हात लावला. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पुस्तकांना ही मोठी सवलत आहे. पण जाहिराती असलेल्या प्रकाशनांना ती मिळत नाही, आणि दिवाळी अंक जाहिरातींवरच निघतो. त्यामुळे वाचकांना कादंबरी स्वस्तात मिळते, तिच्याच वजनाचा अंक महागात. अंकवाल्यांनी दर वाढवला म्हणून रागावण्याआधी एवढं लक्षात घ्यावं.

परदेशातल्या फराळाचं तर २०२५ मध्ये फारच झालं. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची जकातमाफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली. भारतीय टपाल खात्याने त्याआधीच, २५ ऑगस्टला, तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली आणि १५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा सुरू केली. या वेळी जकात इथेच, बुकिंग करताना भरायची होती, वस्तूच्या जाहीर किमतीच्या निम्मी. १०० डॉलरपर्यंतची भेटवस्तू सुटली, पण विकत दिलेला फराळ ही भेट नव्हे. चकल्यांची ऑर्डर ऑगस्टमध्ये जुन्या भावाने घेतलेल्या घरांत मग व्हॉट्सॲपवर वादावादी झाली असेल तर नवल नाही: ‘ठरलं तेव्हा जकात नव्हती’ आणि ‘मग मी पदरची भरू का?’ दोघंही आपापल्या जागी बरोबर. भाव ठरवताना ‘कर-जकात वाढल्यास घेणाऱ्याकडे’ एवढे चार शब्द लिहिले असते तर नातं वाचलं असतं.

तक्रार करायची झालीच तर पहिली पायरी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण, असं नियमांत आहे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथेही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, कंपनी कुठलीही असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही अर्ज जातो. साठ रुपयांसाठी आयोगात कुणी जाणार नाही, हे कंपन्यांनाही ठाऊक असतं. पण १९१५ वर नोंदवायला दहा मिनिटं लागतात, आणि एकाच कंपनीविरुद्ध तशा शेकडो नोंदी झाल्या की दिल्लीतल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यांची दखल घेता येते.

यंदा कुणाला काही विकणार असाल, तर पैसे घेण्याआधी एवढा मजकूर मेसेजमध्ये टाका आणि समोरून ‘मान्य’ असं उत्तर येईपर्यंत खोका बांधू नका: ‘मालाची किंमत इतकी, टपालखर्च इतका, एकूण इतके. माल खराब निघाला तर परतीचा खर्च माझा, खोका उघडतानाचा व्हिडिओ लागेल. आवडला नाही तर परतीचा खर्च तुमचा. पार्सल न स्वीकारल्यास दोन्ही वेळचं भाडं कापून उरलेले पैसे परत.’